सत्कारात दिलेला धोटा

मित्रांनो, मोठ्या माणसांच्या कार्यालयात खुर्चीच्या मागे एक काचेचं कपाट असतं. त्यात पितळी रथ असतो, मुलामा दिलेल्या मूर्ती असतात, नाव कोरलेली सन्मानचिन्हं असतात. सोलापुरातल्या अशाच एका कपाटात, दुसऱ्या फळीवर, होडीच्या आकाराचं दीड वीत लाकूड ठेवलेलं आहे. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोट पोकळ. तो मी. एक जुना धोटा.

धोटा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. तुम्ही जी चादर पांघरून झोपता तिचे उभे धागे मागावर ताणलेले असतात. आडवा धागा पोटात घेऊन त्यांच्या मधून जो इकडून तिकडे धावतो, तो धोटा. धावून धावून माझ्या कडा गुळगुळीत झाल्या. मैंदर्गीहून सोलापुरात कामाला आलेले मल्लप्पा यांचा माग मी वर्षानुवर्षं चालवला. पुढे धोट्याशिवाय चालणारे माग आले. कारखान्यातले सगळे धोटे पोत्यात भरून भंगारात गेले. मल्लप्पांनी मला तेवढं धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. "ह्येला टाकू नगा. ह्येच्या जिवावर पोरं शिकली," एवढंच ते घरात म्हणाले, आणि मी भिंतीतल्या देवळीत जाऊन पडलो.

तिथून मला उचललं त्यांच्या सुनेनं, अंकितानं. ती कॉलेजात शिकलेली, कडेवर लहान मूल असलेली. मूल झोपलं तरी त्याच्या श्वासाकडे लक्ष, रडलं तरी लक्ष. एका संस्थेच्या वतीनं ती दर रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात मुलामुलींचा वर्ग घेई. त्यांनी चारचौघांत बोलावं, दुसऱ्याचं ऐकावं, वस्तीतला एखादा प्रश्न हाती घ्यावा, यासाठी तो वर्ग. पण पहिल्या रविवारी सगळे एकाच वेळी ओरडत होते आणि ज्यांचा आवाज बारीक ते भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्या रविवारी अंकिता मला घेऊन आली. सतरंजीवर गोल करून मुलं बसली. नियम एकच. धोटा ज्याच्या हातात, तो बोलेल. बाकीचे ऐकतील. बोलून झालं की त्यानं धोटा पुढच्याच्या हातात द्यायचा. जो मधेच बोलेल त्यानं वर्ग सुटल्यावर सतरंजी झाडून गुंडाळायची.

मित्रांनो, मागावर मी धाग्यांमधून धावलो, पण माणसांमधून धावण्याचं सुख वेगळंच होतं. कुणाचे तळवे घामानं ओले, कुणाची नखं कुरतडलेली, कुणाच्या बोटांना शिळ्या मेंदीचा वास. बोलायच्या आधी प्रत्येक मूल मला घट्ट धरी. ती पकड मला कळे. बोलणं संपत आलं की ती सैल पडे.

झीनत मात्र पहिले कितीतरी रविवार मला हातात घेई आणि तशीच पुढे देई. दहावीतली मुलगी, पण आवाज म्हणून ऐकू येत नसे. शेजारी बसणारा मोईन लई खट्याळ. तो एकदा म्हणाला, "हिच्या तोंडालाबी नळासारखं पाच दिवसानं पाणी येतंय." सगळे हसले. झीनतही हसली. धोटा हातात नसताना बोलला म्हणून मोईननं त्या दिवशी सतरंजी झाडली, आणि झाडतानाही त्याची टकळी चालूच होती.

पण त्याच्या त्या टोमण्यानंच तिचं कुलूप उघडलं. पुढच्या रविवारी तिनं मला धरलं ते सोडेचना. मग हळूच म्हणाली, "आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असला की मी शाळंत येत न्हाय. पाणी सकाळीच येतंय की. अम्मी कामावर, अब्बा रिक्षावर. भरणार कोण?"

पुढे ती बोलत गेली आणि मुलं ऐकत राहिली. गैरहजेरी वाढली होती. शाळेनं समज दिली होती. तिचे वडील मौला मुलीवर जीव टाकणारे, पण त्यांचाही इलाज खुंटला होता. पाण्याची वेळ बदलली नाही तर शाळा सोडायची, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ती थांबली तशी संस्कृती नावाच्या मुलीनं हात पुढे केला, मला घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडेही हेच. मग आणखी एकीनं. पाणी सकाळऐवजी संध्याकाळी सोडलं तर गल्लीतल्या कितीतरी मुलींची शाळा वाचणार होती. मागणी एवढीशी होती.

तेवढ्यात संस्थेचा वार्षिक कार्यक्रम ठरला. ज्यांच्या एका शब्दावर पाण्याची वेळ बदलू शकते, असे मोठे पाहुणे येणार होते. मुलांनी ठरवलं, त्यांच्यासमोर आपला वर्ग करून दाखवायचा आणि त्यात झीनतनं हे मांडायचं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं, असं अंकितानं संस्थेचे सचिव युवराज सर यांना सुचवलंही. ते म्हणाले, पहिल्याच भेटीत पाहुण्यांना काम सांगायचं नसतं, बरं दिसत नाही. मग अंकितानं सगळा भरवसा झीनतवर टाकला. झीनत घरी घागरी भरता भरता सराव करी, असं मोईन सांगायचा. घागर भरली की वाक्य पूर्ण झालंच पाहिजे म्हणे.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिर खचाखच भरलं. मौला रिक्षा बाहेर लावून मागच्या रांगेत येऊन बसले होते. मंचावर मुलं अर्धगोल करून बसली. सुरुवात झीनतपासून होती, म्हणून मी तिच्या हातात होतो. तिची पकड अशी घट्ट, की मला मागाची आठवण झाली. आता सुटणार, आता धावणार.

आपल्याकडे सत्कारावाचून काही सुरू होत नाही. टॉवेल झाला, टोपी झाली, नारळ झाला. आणि सन्मानचिन्ह आलंच नव्हतं. दुकानदार फोन उचलत नव्हता. युवराज सरांना घाम फुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. सोलापूरची ओळख, कष्टाचं प्रतीक, याहून चांगलं काय द्यायचं? ते वाकून झीनतला म्हणाले, "दे गं जरा इकडं."

तिनं दिलं. का नाही देणार? पुढच्यानं हात पुढे केला की धोटा द्यायचा, हेच तर ती शिकली होती.

मी पाहुण्यांच्या हातात गेलो. टाळ्या झाल्या. पाहुणे तसेच मला हातात धरून माईकपाशी गेले आणि तरुणांनी कसं बोललं पाहिजे यावर बोलत राहिले. "गप्प बसू नका. प्रश्न विचारा. उद्याचे नेते तुम्हीच," ते म्हणाले. चांगले बोलले. मनापासूनही बोलले असतील. पण त्यांची पकड काही सैल पडेना. अंकिताला चहापाण्याचं बघायला मागे पाठवलं होतं. मुलं अर्धगोलात गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती, शहाण्या मुलांसारखी.

भाषण संपलं. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. ते मंचावरून उतरायला निघाले तेव्हा मोईन कुजबुजला, "बोल की, झीनत. चालले की ते."

"धोटा कुटं हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

मग ती उठली. पाहुण्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. मला मागण्यासाठी. एवढ्या मुलांत तेवढीच धीट निघाली, मित्रांनो. पाहुणे हसले. त्यांनी तिच्या पसरलेल्या हातांवर मला क्षणभर टेकवलं आणि मान कॅमेऱ्याकडे वळवली. फोटो निघाला. तिच्या बोटांनी मला पकडायच्या आत त्यांनी मला उचललं, तिच्या डोक्यावर थोपटलं, "हुशार आहे," म्हणाले आणि मला मागच्या माणसाकडे दिलं. मागच्या रांगेतले मौला उठून बाहेर गेले. मी गाडीत बसलो.

पुढे एकदा अंकिता इथे, पाहुण्यांच्या कार्यालयात, आली. कडेवर मूल होतं. कपाट पुसणारे शिपाई सिद्धलिंगप्पा यांना ती म्हणाली, साहेबांना भेटायचंय आणि हा धोटा परत न्यायचाय. माणूस भला. ते म्हणाले, "ताई, सत्कारात दिल्याली वस्तू परत मागत्यात व्हय?"

अंकिता बराच वेळ बसून राहिली. साहेब दौऱ्यावर होते. तिनं पाण्याच्या वेळेचं सिद्धलिंगप्पांनाच सांगितलं, दुसरं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं. झीनतची शाळा सुटल्याचंही सांगितलं. पाणी अजून सकाळीच येतं आणि झीनत आता पाण्याची एकही पाळी चुकवत नाही. वर्गाला येत नाही. वर्ग भरतो, पण मुलं एकमेकांकडे बघत बसतात. शेवटी ती म्हणाली, "मी त्यांना आपल्या पाळीची वाट बघायला शिकवलं, काका. पाळी कुणी हिसकावली तर काय करायचं, ते शिकवायचं राहूनच गेलं." सिद्धलिंगप्पांनी फडक्यानं माझ्यासमोरची काच पुसून घेतली. मूल किरकिरायला लागलं तशी ती उठली.

मित्रांनो, मला रोज पुसतात. माझी निगा कारखान्यात होती त्याहून चांगली आहे. तेव्हा माझी काळजी नको. ज्यांच्या हातातून मी गेलो त्यांची करा. मुलांना बोलायला शिकवाल तर त्यांचं ऐकून घ्यायला थांबा. थांबायचं नसेल तर शिकवू नका, कारण शिकलेल्या मुलाची निराशा न शिकलेल्याहून खोल असते. मी ती झीनतच्या बोटांत पाहिली आहे.

त्या दिवशीचा फोटो चौकटीत बसवून माझ्या शेजारीच ठेवला आहे. येणारे जाणारे पाहतात आणि म्हणतात, किती प्रेमानं देते आहे मुलगी. तुम्ही कधी आलात तर जरा जवळ जाऊन बघा. ती देत नाही. मागते आहे.