गुंतवळाची पिशवी

वासंतीबाईंनी उभ्या आयुष्यात डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही, असं त्यांचे यजमान मुकुंदराव सगळ्यांना सांगत. त्यांच्या तेराव्यालाही हेच सांगितलं होतं. म्हणून यंत्रातून निघालेला कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचला. वासंतीबाईंच्या केसांत अफूच्या जातीचं वेदनाशामक सापडलं होतं.

मुकुंदराव हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत केस तपासायचे. माणसाने काय घेतलं ते केसांत महिनोन् महिने राहतं. दोन हजार चौदाच्या त्या जूनमध्ये राज्याची वाटणी झाली होती आणि प्रयोगशाळेचीही चालली होती. कपाटांवर, यंत्रांवर, खुर्च्यांवरसुद्धा चिठ्ठ्या डकवल्या होत्या, हे तेलंगणाचं, ते आंध्रचं. महिनाअखेर फायलीही वाटल्या जाणार होत्या. त्यात एक फाईल प्रतापराव नावाच्या ड्रायव्हरची होती. शाळेची बस चालवणाऱ्या या माणसाला नशा करतो म्हणून कंपनीने घरी बसवलं होतं. त्याच्या केसांत हेच औषध निघालं होतं, आणि तो म्हणत होता, मी कधी काही घेतलं नाही. तसाच अहवाल गेला की त्याची नोकरी गेली.

अहवाल पाठवण्याआधी खात्री करावी म्हणून मुकुंदरावांनी कोरा नमुना लावला. म्हणजे ज्याने कधीच काही घेतलं नाही अशा माणसाचे केस. त्यात काही निघालं नाही की पद्धत बरोबर. घरी न्हाणीघरात खुंटीला वासंतीबाईंच्या गुंतवळाची पिशवी अजून लटकत होती. कंगव्यात आलेले केस त्या बोटाला गुंडाळून पिशवीत टाकत; केसांवर भांडी देणारी बाई दारावर यायची, तिच्यासाठी. त्यांना जाऊन सात महिने झाले, तरी ती पिशवी हलवायला मुकुंदरावांचा हात धजला नव्हता. त्यातलाच एक पुंजका त्यांनी आणला आणि फॉर्मवर ‘औषधे’ या शब्दासमोर स्वतःच लिहिलं, ‘काही नाही’.

“मुकुंदगारू, केस धुतलेलं पाणी तपासलं?” विभागप्रमुख सत्यवतीने विचारलं. दहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून तिला मराठी येऊ लागली होती, ‘राव’च्या जागी ‘गारू’ तेवढं राहिलं होतं.

“तपासलं. पाणी स्वच्छ आहे. बाहेरून लागलेलं नाही, केसाच्या आतलंच आहे.”

“मग मॅडमनी घेतली असेल.”

“ती घेत नव्हती.”

“माझा नवरापण सांगतो ना सगळ्यांना, माझी बायको भांडत नाही.”

मुकुंदरावांना हसू आलं नाही. पद्धत चुकली म्हणावं तर प्रतापराव सुटत होता आणि वासंतीही. बरोबर म्हणावी तर वासंतीला काहीतरी दुखत होतं, आणि एकतीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला ते तिने सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं. मग दुखत काय होतं? अंबरपेठेला घरी पोचेपर्यंत त्यांना काही सुधरेना.

कामवाली भामा भांडी घासत होती.

“भामा, बाई कसली गोळी घ्यायच्या का?”

“कायकू विचारता, साहेब?”

“त्या पिशवीतल्या केसांत औषध निघालं.”

“अगं बाई! त्यात माझे केस हैत की. बाईंचे पातळ झालेले, साल गेलं तरी वाटीएवढं भांडं येईना. मग म्हणल्या, भामा, तुझे पण टाक, पहिला डबा तुझा. मी तर गुडघ्याला रोज दर्दाची गोळी खाते. मेडिकलवाला देतो.”

मुकुंदराव पाटावर बसले. सात महिने ज्या पिशवीला हात लावला नाही, ती निम्मी भामाची होती.

“म्हणजे त्या घेत नव्हत्या.”

भामाने हात धुतले. “एकदोनदा मागून घेतली होती माझ्याकडून. पाठ धरली म्हणायच्या. साहेबांना नक्को सांगू, घाबरतात म्हणल्या.”

“कधी?”

“दसऱ्याच्या आधी... की नंतर? याद नाही, साहेब.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतापरावच्या नमुन्याच्या पाकिटातले उरलेले केस काढले. डोक्यावरून कापलेले केस सरळ पडतात. हे बोटाला गुंडाळल्यासारखे गोल होते. हेच पाकीट दोनदा त्यांच्या हातातून गेलं होतं. त्यांनी कंपनीत फोन लावला.

“त्याने तिरुपतीला डोकं दिलेलं, सर,” तिथला माणूस म्हणाला. “केस कुठून आणणार? ड्रायव्हरांच्या खोलीतल्या कंगव्यातून काढले.”

“कंगवा किती जण वापरतात?”

“अकरा.”

मुकुंदरावांनी अहवालात लिहिलं, नमुना कोणाचा हे ठरत नाही. डोक्यावर केस नसतील तर छातीचे घ्यावेत, पण त्याच्या अंगावरूनच, साक्षीदारासमोर कापून घ्यावेत. सत्यवतीने त्याच दिवशी सही केली. माणसांच्याही याद्या झाल्या होत्या; तिचं नाव आंध्रच्या यादीत होतं.

राहिला वासंतीबाईंचा फॉर्म.

“फाडून टाका,” सत्यवती म्हणाली. “तो नमुनाच नव्हता.”

मुकुंदरावांनी फाडला नाही. ‘काही नाही’ हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘माहीत नाही’.

“मग कुठल्या गठ्ठ्यात ठेवू, तेलंगणाच्या की आंध्रच्या?” सत्यवतीने हात पुढे केला.

त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.