विस्तवाविना उकळलेलं तीर्थ

घमेल्याखाली ना सरपण, ना गॅस. तरी त्यातल्या पांढऱ्या खड्यांवर तीर्थ पडताच पाणी खदखदा उकळलं. युसूफ वडगाव या गावच्या मांडवातल्या शंभरेक माणसांनी एकदम हात जोडले.

"मंत्रानं अग्नी उतरला!" अग्निनाथ महाराज गरजले. "मेलेले पाय या घमेल्याला टेकवा, जिते होतील. गोळ्या उकिरड्यावर फेका!"

सुंदरबाई नवऱ्याला, आश्रुबांना, धरून पुढे सरकल्या. सोमवारचा उपास होता, ओठांवर शंभूचं नाव होतं. आश्रुबांचे पाय वर्षभर गारठलेले. शंभर पावलं चालले की पोटऱ्या आवळायच्या, थांबले की सुटायच्या. त्यात साखरेचा आजार. बीडच्या डॉक्टर उज्मांनी बजावलं होतं, "पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्यात. बिडी बंद, रोज चालणं, गोळी चुकवायची नाही." बिडी सोडायला न सांगणारे महाराज आश्रुबांना साहजिकच जास्त विद्वान वाटले.

महाराजांकडची ही तिसरी खेप. सकाळी पाय धुताना सुंदरबाईंना टाचेवर टरारलेला फोड दिसला होता.

"आवं, दुखत न्हाई का?"

"काहीच न्हाई. म्हणजे गुण लई हाय!"

आता पहिल्यांदाच घमेल्याच्या इतक्या जवळ आल्यावर वाफ नाकात गेली आणि त्या जागीच थबकल्या. दसऱ्याआधी भिंतींना सफेदी द्यायला दरवर्षी त्या कळीचा चुना भिजवत. तोच वास, तीच खदखद. या चुन्याला आपण दोनदा हात जोडले!

त्यांनी आश्रुबांना मागे ओढलं. महाराजांच्या पोत्यातला एक खडा पदरानं उचलून रिकाम्या घमेल्यात टाकला आणि वर आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं. तेही उकळलं.

महाराज हसले. "माय, तुझ्या उपासाचं पुण्य हाय ते!"

"असं? मुक्ताबाई, तू ओत गं."

शेजारीण मुक्ताबाई कचरली. "मी कावून? मी तर आत्ताच अंडी खाऊन आले!"

"म्हणूनच."

मुक्ताबाईनं दुसऱ्या खड्यावर पाणी ओतलं. ते जास्तच उकळलं. मांडवात हशा पिकला.

सुंदरबाई हसल्या नाहीत. त्यांना शिसारी आली होती. त्यांनी आश्रुबांची टाच सगळ्यांना दाखवली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "चुन्याला देवाचं नाव देऊन म्हाताऱ्यांचे पाय भाजता? आन् त्यांना कळत न्हाई, त्याला गुण म्हणता?"

मग एकेकानं आपापली टाच उलटून पाहिली. आणखी चौघांना फोड निघाले. महाराज पोतं टाकून मोटारसायकलकडे पळाले, पण लोकांनी चावी आधीच काढून घेतली होती.

दुपारी बीडला डॉक्टर उज्मांनी जखम साफ केली. "साखरेनं पाय बधिर झालेत, म्हणून भाजलेलं कळलं नाही. रक्त कमी पोचतं, त्या पायाची जखम लवकर भरत नाही. आजच आणलंत म्हणून बरं. चिघळली असती, तर पाय कापायची पाळी आली असती." आश्रुबांनी बंडीच्या खिशातून बिड्यांचा कट्टा काढून टेबलावर ठेवला.

पुढच्या सोमवारी देवळात सुंदरबाई बायकांना सांगत होत्या, "बायांनो, उपास मीबी करते आन् करणारच. पण गार पडलेल्या पायाला शेक देऊ नका. रोज तळवे बघा. चालताना पोटरी धरली, बोट काळं पडलं, तर आधी डॉक्टर गाठा. देव काही तुमच्या गोळ्या बंद करायला सांगत न्हाई. जो सांगतो, त्याच्या घमेल्यात काय हाय ते विचारा."