बाळंतिणीचा खजूर

चकलांब्याच्या गहिनीनाथांची सून बाळंत झाली आणि सगळं घरच डॉक्टर झालं. खरा डॉक्टर गेवराईला बसतो. त्यानं मनिषाला बजावलं होतं, अंगात रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या चुकवू नको आणि पोटभर जेव. पण गोळ्यांनी दूध आटतं, असं सासूनं, कौशल्याबाईनं, कुठंतरी ऐकलेलं. त्यात धाकटा दीर प्रविण. जिममध्ये पोरांना वजनं उचलायला लावतो, तेवढ्यावर त्याला आहारातलं सगळं कळतं. गोळी म्हणजे केमिकल, लोह खजुरातून घ्यायचं, असं त्यानं मोबाईल बघून जाहीर केलं. झालं! गोळ्या फडताळात गेल्या.

बरं, मग खजूर तरी द्यावा की नाही? मनिषानं आनंदानं खाल्ला असता. बघायला येणारा हरेक पाहुणा खोका आणत होता. अजवा, मेडजूल, कलमी, किमिया. ओसरीतल्या फळीवर सगळे रुखवतासारखे मांडले होते, वरचा चकचकीत कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. आल्यागेल्याला सासरे त्यांची थोरवी सांगायचे. मेडजुलात पोटॅशियम केळ्याहून जास्त, अजवा म्हणजे राजा, कलमीत चोथा भरपूर. शंभर ग्रॅमला साखर किती, हे प्रविण मध्येच घुसडायचा. एकदा तर ओल्या खजुरात लोह जास्त की खारकेत, यावर बापलेक दुपारभर भांडले. खारकेतलं पाणी उडालेलं असतं, म्हणून वजनाला सगळंच जास्त भरतं, एवढं साधं दोघांच्याही डोक्यात शिरेना. आत बाजेवर मनिषा वरणभात चिवडत ऐकत होती. मेल्यांनो, भांडा, पण एक बी तरी चोखायला द्या, असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

खोका फुटत नव्हता, कारण घराची रीत. ओटीतली खारीक आपल्याकडं कोण खातं? या बाईच्या ओटीतून त्या बाईच्या ओटीत ती फिरत राहते. या शहाण्यांनी खजुरालाही तोच नियम लावला. आलेला खोका जपायचा आणि पुढच्या बाळंतिणीकडं न्यायचा.

त्या सकाळी पाळण्यातून बाळ उचलताना मनिषाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पोर हातातून सुटता सुटता राहिलं. ती मटकन खाली बसली, छातीत धडधड मावेना. आणि बाहेर ओसरीत सासरे चौसाळ्याहून आलेल्या चुलतभावाला, रामकिसनला, अजव्याचं सत्त्व समजावत होते; प्रविण आणि कौशल्याबाईही तिथंच बसले होते. मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वा महिना बाळंतिणीनं ओसरीत यायचं नसतं. ती आली.

"मामा, ह्यातला मला कवा देणार?"

गहिनीनाथ समजुतीनं हसले. "पोरी, खोका फोडला की सत्त्व उडतंय. अन् ह्यो केजच्या सोयऱ्याच्या लेकीला न्यायचाय. ती बी बाळंतीण हाय."

मनिषानं बाळ रामकिसनच्या मांडीवर ठेवलं, फळीवरचा अजवा ओढला आणि वरचा कागद टराटरा फाडला. आत भुसा पडला होता. भुशातून तांबूस किडे आरामात हिंडत होते. किती घरं फिरून आला होता, देव जाणे. रामकिसननं पाय वर घेतले. कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. प्रविण मोबाईलमध्ये बघायला लागला.

"भाऊजी," मनिषा म्हणाली, "तुमच्या हिशोबात प्रोटीन धरायचं राह्यलंय. ह्यात लई हाय."

तिनं सासूपुढं हात केला आणि गोळ्या मागितल्या. कौशल्याबाई आत गेली आणि गोळ्यांसोबत पाण्याचा तांब्याही घेऊन आली. मनिषानं तिथंच, सगळ्यांदेखत, गोळी गिळली.

तोवर गहिनीनाथांनी खोक्याचं झाकण हलकेच बसवलं होतं. त्यांनी प्रविणला जवळ बोलावून विचारलं, "उन्हात वाळवून नवा कागद लावला, तर केजला चालंल का रं?"