अमावास्येला टाकीत उगवलेला चंद्र

चेन्नईजवळच्या आमच्या तांबरमच्या फ्लॅटमध्ये अमावास्येलाही चंद्र उगवायचा. तो पाहायला एवढी माणसं जमत की मला माझ्याच दारापर्यंत जाता येत नसे. पुस्तकांचं कपाट आणि माशांची टाकी यांच्यामधल्या सांदीत मी अंग चोरून बसे.

टाकी बायकोच्या डोळ्यांवरचा उपाय म्हणून इंदुनाथ महाराजांनी आणून ठेवली होती. दिवेलागणीची आरती संपली, दिवे मालवले की पाण्यात निळसर चांदणं उतरे, मासे चमकत आणि माणसं हात जोडत.

"महाराष्ट्रात अमावास्या म्हटली की तोंडं वाकडी," महाराज सांगत. "तमिळ माणूस त्याच दिवशी नवी गाडी घेतो! म्हणून चंद्र तिकडून रुसून निघाला, तो थेट चेन्नईला!"

"तिकीट काढून?" मी पुटपुटलो.

"काय म्हणालात, काका?"

"काही नाही."

माझी पत्नी कुमुदिनी हिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब रोज घालायचे, नजर कडेकडून जाते आणि गेलेली परत येत नाही. महाराजांनी ते थेंबच बंद करवले. समोरचा चंद्र तिला स्वच्छ दिसे, म्हणून तिला गुण आल्यासारखं वाटे. बाजूला उभी असलेली शेजारीण सरोजा मात्र हाक मारल्याशिवाय दिसेनाशी झाली होती. त्यात महाराजांची तंबी: घरात कुणी शंका घेतली, तर डोळे जातील. म्हणजे बोललो तर मी गुन्हेगार, आणि गप्प बसलो तर ती आंधळी.

मग एकदा दुरुस्तीसाठी दुपारी वीज बंद होती. त्या संध्याकाळी चंद्र उशिरा आला. वीज जेवढा वेळ नव्हती, साधारण तेवढाच उशीर.

"कुणाची तरी शंका आड आली," महाराज म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मलाही वाटलं, खरंच माझंच चुकत असेल. पण आकाशातला चंद्र विजेसाठी खोळंबल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं.

टाकीचं बटण बंद करायला सक्त मनाई होती. मासे गुदमरतील म्हणे. पुढच्या अमावास्येला कुमुदिनी दुपारी झोपल्यावर मी ते बंद केलं आणि माशांकडे बघत घाबरून बसून राहिलो. तासाभराने पुन्हा चालू केलं. एकही मासा मेला नाही.

संध्याकाळी आरती झाली, दिवे मालवले. टाकीत काळोखच.

"कुणी विटाळ केला?" महाराज गरजले.

"मी," मी सांदीतून उठलो. "दुपारी तासभर बटण बंद ठेवलं होतं. चंद्र तासाभराने येईल."

"अय्यो, काका! मासे?" सरोजा ओरडली.

"पोहताहेत."

"बायकोचे डोळे घालवाल!" महाराज म्हणाले.

"ते थेंब न घातल्याने चाललेच आहेत."

कुमुदिनी चाचपडत टाकीशी गेली. मग म्हणाली, "सरोजा, कात्री दे."

टाकीखालच्या लाकडी कपाटाला मंतरलेला लाल दोरा गुंडाळला होता. महाराज आडवे आले.

"सरका ओ स्वामी," सरोजा म्हणाली, "अंधार आहे, हातात कात्री आहे."

कुमुदिनीने दोरा कापला, आत हात घालून चाचपलं. "अहो, ही तर गच्चीवरच्या पंपाला आहे तसली टायमरची तबकडी!" तिने ती बोटाने पुढे सरकवली. टक्. पाण्यात चंद्र उगवला. आणखी फिरवली, मावळला.

झाकणाखाली एक बारीक निळा एलईडी दिवा होता. माशांना चांदण्यासारखा उजेड मिळावा म्हणून हौशी लोक असा दिवा बसवतात. वीज गेली की तबकडी थांबते, म्हणून चंद्रालाही उशीर.

महाराज निघायला वळले, पण त्या गर्दीत त्यांनाही दार सापडेना.

सगळे गेल्यावर कुमुदिनीने मान मागे टाकली. मी बाटली उघडली.

"थेंब गालावर पडला."

"हलू नकोस."

नजरेच्या कडा गेल्या त्या गेल्याच. उरलेलं राखतो आहोत. शंका घेतली तर अनर्थ होईल, असं कुणी बजावलं, तर खुशाल एखादं बटण बंद करून पाहा. औषध मात्र बंद करून पाहू नका.