बाळयेशूची गूळतुला

वल्लरीला शुक्रवार सकाळपर्यंत एक माणूस हवा होता. बोलणारा.

तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय ख्रिस्ती धर्माचा आधुनिक इतिहास. मिशनच्या शाळा, छापखाने, दवाखाने हे सगळं तान्ह्या अभिराजच्या झोपांमधून चोरलेल्या वेळात लिहून झालं होतं. पण मार्गदर्शक क्षमा मॅडमनी शेवटचं प्रकरण परत पाठवलं. "हा इतिहास आज कुणाच्या घरात जिवंत आहे? एक तरी मुलाखत आण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू." आणि पुढचं वर्ष म्हणजे अभिराज पळायला लागणार. मग कसला प्रबंध!

म्हणून गुरुवारी ती बाळयेशूच्या चर्चच्या फाटकाशी उभी होती. गुरुवारी तिथे या कानडी शहरातल्या सगळ्या धर्मांची गर्दी. तिने मेणबत्ती घेतलेल्या एका काकूंना गाठलं.

"ख्रिस्ती परंपरेचा आपल्या जीवनावर कोणता प्रभाव जाणवतो?"

काकू मेणबत्तीसकट गर्दीत शिरल्या. दुसऱ्या बाईंनी तर घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून उशीर झाल्याचं सांगितलं.

"असं विचारलंस तर मीपण पळेन गं," मागून सोयराबाई म्हणाल्या. सासूबाई नातवाला सांभाळायला म्हणून राजाजीनगरच्या घरून सोबत आल्या होत्या, पण रिक्षात बसल्यापासून त्यांचा चेहरा काहीतरी लपवणाऱ्या पोरीसारखा होता. "तू थांब जरा, याला मी नेते. मला समोरच्या दुकानात स्वल्प काम आहे."

"कसलं काम, आत्याबाई?"

"याच्या वजनाइतका गूळ द्यायचाय. नवस बोलले होते मी."

"कुणाला?"

सोयराबाईंनी हनुवटीनेच चर्चकडे दाखवलं.

वल्लरी काही बोलायच्या आत नागनाथच्या किराणा दुकानात अभिराज तराजूवर बसला होता. दुकानदाराने आधी "अम्मा, हा कांद्यांचा तराजू आहे," म्हणून हात जोडले, मग स्वतःच खाली स्वच्छ पोतं अंथरलं. पोरगं हलायचं, आकडा नाचायचा. शेवटी हाती गुळाचा खडा दिला तेव्हा ते गप्प बसलं.

"खड्यासकट मोज हं," सोयराबाई म्हणाल्या. "देवाला कमी पडायला नको."

गुळाची पिशवी दोघींनी मिळून चर्चमध्ये नेली. तिथे मदतीला उभ्या असलेल्या फिलोमिनाबाई चक्रावल्या. "अम्मा, इकडे मेणबत्ती लावतात. गूळ कुणी आणत नाही."

"आमच्यात नातवाची गूळतुला करतात. तुमच्यात नाही हे मला काय माहीत! परत नेऊ का आता?"

"नको, नको. रविवारी वृद्धाश्रमात पायसम करू." फिलोमिनाबाईंना हसू आवरेना. "पण अम्मा, तुम्ही मराठी लोक, तुमचे देव थोडे आहेत का? यालाच का?"

हा प्रश्न वल्लरीला सुचला नव्हता.

"सगळ्यांना सांगून झालं होतं की," सोयराबाई म्हणाल्या. "हे पोर दिवस भरायच्या आधी आलं. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. ही बेशुद्ध. दत्ताला पेढे बोलले, यल्लम्माला साडी. तिथल्या सिस्टरच्या टेबलावर या बाळयेशूचं चित्र होतं. म्हटलं, हापण कुणाचं तरी बाळच. याच्या आईने बघितलंच असेल ना, पोर गार पडलं की कसं होतं ते. तिच्या कानावर घाल, म्हटलं त्याला."

वल्लरीने अभिराजला घट्ट धरलं. तो चिकट हातांनी तिच्या केसांत गूळ माखत होता. त्या दिवसांचं तिला काहीच आठवत नव्हतं, आणि इतक्या महिन्यांत तिने विचारलंही नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कामात. पोर झोपलं की पुस्तक. मीच चहा ठेवून जायची, गुपचूप."

वल्लरी तिथेच पायरीवर बसली. फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं. "आत्याबाई, पुन्हा सांगा. सगळं."

फोन बघताच सोयराबाईंनी पदर सारखा केला, घसा साफ केला. "नमस्कार. मी सोयराबाई, मुक्काम राजाजीनगर..."

"तसं नाही हो. आत्ता बोललात तसं."

"सरी, बरं." त्या सुनेशेजारी टेकल्या, नातवाला मांडीवर ओढलं. "तर त्या दिवशी तुला आत नेलं ना, तेव्हा मी इतकी घाबरले होते की चप्पलसुद्धा एकाच पायात होती..."

वल्लरी हसली आणि रडलीही. रेकॉर्डिंगमध्ये ते दोन्ही आलं. तिने काढून टाकलं नाही.