डावं शिंग

एकोणीस वर्षं अर्ज भरून भरून शेवटी आमच्या बापाला सोडतीत परवाना लागला, तेव्हा त्याची फुप्फुसं गेलेली होती. आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत भुसा खाल्लेला माणूस, दुसरं काय होणार. नदीकाठच्या त्या सरकारी जंगलात एल्कचा, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाचा, नर मारायचा तर हा परवाना लागतो, आणि कितीतरी लोक तो न लागताच मरतात. डॉक्टरने सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी डोंगर विसरा. म्हणजे हा शेवटचा नर, आणि तो सात फाट्यांचाच हवा होता, दोन्ही शिंगांना सात. घरी भिंतीवर अकरा डोकी टांगलेली आहेत, सगळी सहाची नाहीतर त्याहून कमी.

मला मांस हवं होतं. नवरा निघून गेलेला, पदरात दोन मुली, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, आणि तळघरातला फ्रीजर सप्टेंबरपासून रिकामा. दुकानातलं बीफ आमच्यासारख्यांनी नुसतं बघायचं. माझ्याकडे मादीचा परवाना होता, तो मागेल त्याला मिळतो. बापाला एकट्याने चढवत नव्हतं, म्हणून चार दिवसांची रजा टाकून मी त्याची पिशवी, त्याची बंदूक आणि निम्माअर्धा तोसुद्धा, असं सगळं वाहत होते.

पहिल्या दिवशी साठ पावलांवर एक गलेलठ्ठ मादी येऊन उभी राहिली. मी नेम धरला तर बापाने माझ्या बंदुकीच्या नळीवर हात ठेवला. आवाज झाला की मोठा नर खोरं सोडून जाईल म्हणे. दुसऱ्या दिवशी सहा फाट्यांचा नर आला, शंभर किलो मांस आपल्या पायांनी चालत आलं होतं. बाप म्हणाला, लहान आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा माद्या आणि पुन्हा माझ्या नळीवर तोच हात. मी मूग गिळून बसले. आमच्या आईने तीस वर्षं अशीच काढली. शिकार झाली की बाप शिंगं खांद्यावर टाकून पुढे, आणि आई मागून रक्ताने भिजलेल्या पिशव्या ओढत. लोक शिंगांचंच कौतुक करायचे.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी मला कामावर हजर व्हायचं होतं. आम्ही उजाडायच्या आधीपासून कड्याच्या टोकावर पालथे पडलो होतो, आणि ऊन पडल्यावर खालच्या मोकळ्या जागेत तो आला. एवढा नर मी जन्मात पाहिला नव्हता. उजवं शिंग सरळ दिसत होतं, सात फाटे, कुणी शेंबडं पोरही मोजेल. डावं झाडामागे होतं. त्याच्या पुढे एक मादी चरत चरत रानाच्या कडेला निघाली होती.

"बाबा, मार," मी म्हटलं.

"डावं दिसत नाही."

"न दिसू दे. एवढा पुन्हा मिळणार आहे का?"

"डावं तुटकं असलं तर? माझा परवाना जाईल वाया. थांब जरा."

नर हलेना, बाप हलेना. मादीचं डोकं झाडीत शिरलं, मग मान शिरली. आता खांदाही शिरणार होता. बापाने डोळा न हलवता हात माझ्या नळीकडे सरकवला. सवयच ती. तो हात बघितला आणि माझं डोकं फिरलं. मी गोळी झाडली.

मादी जागच्या जागी बसली. नर दोन उड्यांत चढाकडे निघून गेला. बापाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बंदुकीतली गोळी काढली, पुसली, खिशात ठेवली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

तेवढ्यात वर, डोंगराच्या धारेच्या बाजूला, गोळी वाजली. थोड्या वेळाने एक तरुण माणूस घसरत घसरत खाली आला, चेहरा पांढराफटक. नाव केंडल. धारेच्या पलीकडे साधा परवाना चालतो, तिथे तो बसला होता. समोरून एवढा नर धावत आला आणि त्याने मारला. मग फोनवर नकाशा उघडून बघितला, तर नर आमच्या बाजूला पडलेला, हद्दीच्या दीडशे पावलं आत. दंड होईल, बंदूक जाईल, पाच-सात वर्षं शिकार बंद होईल, असं सगळं तो एका दमात बोलून गेला. त्याने बापाला विचारलं की तुमच्याकडे इथला परवाना आहे का.

आम्ही वर गेलो. बाप धापा टाकत नराजवळ गुडघ्यांवर बसला आणि डाव्या शिंगावरून बोट फिरवत मोजायला लागला. सात निघाले.

केंडल म्हणाला, "काका, तुमचा टॅग बांधा याला. मी आलोच नव्हतो असं समजा. मला काही नको."

बापाने खिशातून परवाना काढला, चाकू काढला. परवान्यावर तारखेची खाच पाडायची, शिंगाला बांधायचा, झालं. पण त्याने खाच पाडली नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. उभ्या आयुष्यात या माणसाने मला काही विचारलं नव्हतं, ते पहिल्यांदा विचारलं.

"डार्ला, कुणाला कळणार आहे?"

मी गप्प बसले असते तरी पुरलं असतं.

"मला कळेल," मी म्हटलं. "तू मारला नाहीस बाबा. तू मोजत बसला होतास." मग मी केंडलला सांगितलं, शिकार खात्याच्या वॉर्डनला फोन लाव, आपणहून कबूल केलंस तर कमी शिक्षा होईल.

कायद्याचं मला काही पडलं नव्हतं. मला त्याला रिकाम्या हाताने परत न्यायचं होतं.

वॉर्डन दुपारी दोन खेचरं घेऊन आला. तोवर मी मादी सोलून चारी पाय वेगळे केले होते. बाप नराशेजारी बसून होता, एका हाताने शिंग धरून, गाडी थांबेपर्यंत दांडा धरून बसावं तसा. वॉर्डनने त्याच्यासमोरच शिंगं सरकारजमा केली. माणूस भला होता. बापाचा कोरा परवाना बघून म्हणाला, अंधार पडायला तीन तास आहेत, खालच्या खोऱ्यात अजून नर आहेत, बसा जाऊन, मी तुमच्या मुलीचं मांस खेचरावर टाकतो.

"नको," बाप म्हणाला. "हिच्या मुली उपाशी आहेत. आधी मांस."

परक्या माणसांसमोर म्हणाला. केंडलने खाली बघितलं.

मग त्याने मादीचा एक पुढचा पाय उचलून खांद्यावर घेतला. वॉर्डनने खेचर पुढे केलं, मी हात धरला, त्याने झटकला. गाडीपर्यंत दोन मैल चढ. दर दहा पावलांवर तो थांबायचा, छातीतून शिट्टी वाजायची, आणि पुन्हा निघायचा. मी सांगून पाहिलं, ओरडले, शेवटी रडले. चुकलं माझं बाबा, खाली ठेव, असं म्हटलं. त्याने पाय खाली ठेवला नाही. रक्त त्याच्या पाठीवरून गळत होतं, आईच्या पाठीवरून गळायचं तसं.

गाडीशी पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मांस गाडीच्या मागच्या हौद्यात टाकून तो कठड्याला धरून उभा राहिला. मी गाडीतून ऑक्सिजनची नळी आणली, ती त्याने नाकाला लावू दिली नाही. बोलण्याइतका श्वास जमेपर्यंत बराच वेळ गेला.

"घे," म्हणाला. "पोट भर."