रुखवतातली विहीणबाई

मी विहीणबाई बोलतेय. हसू नका. हसण्यानंच माझा घात केला.

तशी मी नारळाची. सुचेताच्या साखरपुड्याला तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे राहीबाईंनी, जो नारळ तिच्या ओटीत घातला, तेच हे माझं डोकं. पडघ्याला घरी गेल्यावर हलवून पाहिलं तर आतलं पाणी आटलेलं, गोटा खडखड वाजत होता. सुचेताची आई म्हणाली, "ओटीचा नारळ आहे, टाकू नये बाई." सुचेता म्हणाली, "मग रुखवतात मांडू. आपण विहीणबाई करू."

त्या पोरीच्या हातात कला होती. सुताचा एक रिकामा कोन तिच्या मामानं कामतघरच्या मागांच्या कारखान्यातून आणला होता, तो माझं धड झाला. लूमवरच्या चिंध्यांचं नऊवारी नेसवलं. डोळ्यांना गुंजा, नाकाला अर्धा चिंचोका, तुटक्या माळेच्या मण्यांची नथ. शेंडी तर जाड, दाट, पिंगट. तिचा तिनं असा झोकदार अंबाडा घातला की मीच माझ्यावर भाळले. शेवटी मला दृष्ट लागू नये म्हणून तिनं माझ्या हनुवटीवर तीट लावली. काजळ पुसलं जाईल म्हणून काळ्या मिऱ्याचा एक दाणा खळीनं चिकटवला.

सगळं झालं ते त्या मिऱ्यामुळं. राहीबाईंच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तसाच काळा तीळ आहे, हे सुचेतानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. साखरपुड्यात बिचारीनं मान वर केली असेल तर शपथ!

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात लग्न झालं. मांडवात रुखवत पाहायला वरपक्ष आला. काड्यांची बैलगाडी, सुपारीचा पोपट, आणि मधोमध मी. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, राहीबाई! ही तर तुमचीच छबी!" झालं. अख्खा मांडव हसला. नवरामुलगा माधव, तोही फेट्याआड हसला.

राहीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं आणि सामानात घातलं.

भिवंडीला चाळीतल्या घरी आल्यावर त्यांनी माझ्या गळ्याला सुतळी बांधून मला मोरीवरच्या खिळ्याला टांगलं आणि सुनेला हाक मारली.

"सूनबाई, तुझ्या विहिणीचे केस फार सुंदर आहेत गं. आपल्याकडे तूप कढवलं की त्या भांड्याला बेरी चिकटते. ती हिच्या केसांनी घासायची. मी सांगेन तेवढेच उपटायचे. आणि ही टकली झाली की मग माहेरी जायचं. त्याआधी पडघ्याचं नाव काढायचं नाही."

"अहो आई, ती तीट होती. खरंच."

"आणि मी खुळी!"

माधव म्हणाला, "आई, रुखवतात विहिणीची थट्टा करतातच की."

"तू हसलास ना? मग आता गप्प बस."

तेव्हापासून आठवड्याला माझा एक चिमूटभर जीव जाऊ लागला. सुचेता हात लावायच्या आधी पुटपुटायची, "माफ कर हं." राहीबाई शेजारी उभ्या. काथ्याचे चार धागे निघाले की "पुरे!" अशानं माझा अंबाडा पाच वर्षं पुरला असता.

दिवाळीला सुचेताचे वडील लेकीला न्यायला आले आणि चहा पिऊन एकटेच परतले.  मार्गशीर्षात कळलं, सुचेताला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. राहीबाई म्हणाल्या, "आधी टक्कल." सुचेता कधी कोपऱ्यात रडायची, कधी सोमवारचा उपास धरून महादेवाला गाऱ्हाणं घालायची. मी मात्र कुणाला काही मागितलं नाही. मनाशी एकच ठरवलं: या बाईला चारचौघींत, तिच्याच हातानं, खाली बघायला लावीन.

नारळाला काय करता येतं? हात नाहीत, जीभ नाही. पण मोरीचं पाणी दिवसभर माझ्यावर उडत होतं. मी ते पीत राहिले. काथ्या मुळाशी कुजू दिला. वरून अंबाडा तसाच दिमाखात, आतून सगळा सैल.

पुढच्या वर्षी, सुचेताला आठवा लागला होता तेव्हा, राहीबाईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंबेडाळ, पन्हं, आरशासमोर गौर. चाळीतल्या बायका जमल्या. टेमघरहून कैऱ्या घेऊन येणारी ठमाबाईही दाराशी फतकल मारून बसली होती. तिचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"राहीबाय, ही बाय कोन टांगलीय गो?"

"ही? आमच्या सूनबाईच्या माहेरची विहीण!" राहीबाई रंगात आल्या. माझी कहाणी, आपली अट, सगळं त्यांनी हौसेनं सांगितलं. सुचेता पन्ह्याचा पेला धरून खाली मान घालून उभी. "बघा तर, अजून किती दाट आहे!" म्हणत त्यांनी माझा अंबाडा मुठीत धरून ओढला.

मी सोडून दिला.

सगळाच्या सगळा अंबाडा त्यांच्या हातात आला. मागे माझं गुळगुळीत टक्कल, आणि त्यावर नारळाला जन्मापासून असतात ते माझे खरे तीन डोळे, उघडे.

 मग ठमाबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "झाली ना ती टकली? तुमच्याच हातानं झाली. आता बोलाचं कायच ऱ्हायलं न्हाय. पोरीला धाडा!"

"गौरीसमोर दिलेला शब्द आहे, राहीबाई," दुसरी म्हणाली. आणि मग बायका हसल्या. मांडवात हसल्या होत्या त्याहून जोरात. यावेळी मी टांगल्या जागी गोड हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माधव सुचेताला पडघ्याच्या एसटीत बसवून आला.

मला वाटलं, आता राहीबाई मला दगडावर आपटणार. त्यांनी उचललंही होतं. पण तीन डोळे पाहून हात थांबला. "शंभो," म्हणाल्या आणि मला परत टांगलं, तोंड भिंतीकडं करून. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझं जड डोकं मागं कलतं. गुंजांचे डोळे भिंतीकडं, खरे डोळे थेट त्यांच्याकडं.

सुचेताला मुलगी झाली. निरोप आला, "बारशाला या. मला न्यायला मात्र मी कळवीन तेव्हाच या." माधव दर रविवारी पडघ्याला जातो. घर रिकामं. राहीबाईंनी जन्मात सुई धरली नव्हती. चिंध्यांचे खेळ रिकामटेकड्या पोरींचे, म्हणायच्या. आता जुनं लुगडं फाडून नातीसाठी दुपटं शिवायला बसल्यात. बोटाला सुई टोचते, टाका वाकडा जातो. मग माझ्याकडं वळून विचारतात, "बरं दिसतंय का गं? घेईल का सूनबाई हातात?"

तुम्ही म्हणाल, म्हातारीला आता माफ कर. तिच्या वतीनं मला सांगायला येऊ नका. मी देवाला वाहिलेला नारळ नाही, हातानं घडवलेली बाई आहे, आणि माझे केस गेलेत.

 राहीबाई माझ्या तीन डोळ्यांकडं बघतात, मग सगळे टाके उसवतात आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतात.

ओवू देत. टाका सरळ येईपर्यंत मी बघतेय.